बिनखुणेचा ओंडका

रॅनकिन वकिलांच्या अक्षराला
कधी शेपटी नव्हती.
बत्तीस वर्षं मी त्यांच्या नकला केल्या,
म्हणून सांगतो.

हिवाळ्यात शाई गोठायची.
मी दौत शेगडीपाशी धरून बसायचो
आणि ते बाहेर घसरगाडीत,
अस्वलाचं कातडं गुडघ्यांवर ओढून
नदीकाठच्या वस्त्यांतून खटले गोळा करत हिंडायचे.
फी म्हणून कधी बटाट्याचं पोतं,
कधी खारवलेला मासा,
एकदा तर जिवंत हंस.
तो बाईंनी कापू दिला नाही.
सात वर्षं अंगणात राहिला,
न्यायाधीश जेवायला आले की
त्यांच्या पोटऱ्यांवर धावून जायचा.

ऑनेसिम थेरियोचा खटला मला तोंडपाठ आहे.
मिरामिशीच्या पाण्यानं आणलेला पाइनचा ओंडका.
टोकाला मालकाच्या घणाची खूण असते,
ती वीतभर लाकडासकट कापलेली,
आणि थेरियोच्या कुऱ्हाडीला ओली राळ.
सगळं गाव म्हणालं, हा आता गेलाच.
वकील उठले.
ओंडक्याच्या कापल्या तोंडावरून हात फिरवला,
गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा,
आणि ज्यूरीला म्हणाले,
"ह्याला मालकाचं नाव विचारा.
सांगितलं, तर माझा अशील चोर."
लाकूड काही बोललं नाही.
थेरियो सुटला.

त्याच वर्षी लोकांनी त्यांना निवडून दिलं.

फ्रेडरिक्टनला काय झालं
ते मला खरंच ठाऊक नाही.
तिथं गालिचे जाड होते म्हणे,
आणि लाकूडकंपन्यांचे लोक फार हळू बोलायचे.
आठव्या वर्षी एक मसुदा माझ्यापुढे आला,
अक्षर तेच, बिनशेपटीचं.
कलम चौथं:
बिनखुणेचा ओंडका ज्याच्यापाशी सापडेल
त्यास चोर समजावे.
मी काही विचारलं नाही. कारकुनानं विचारू नये.
'समजावे'पाशी टाकातून एक डाग पडला,
तो मी पात्यानं खरवडला.
कागद तेवढ्या जागी अजून पातळ आहे,
उजेडात धरला तर दिसतो.

मग प्लासिद. थेरियोचा धाकटा.
एकोणीस वर्षांचा, कानांपर्यंत लाल.
बापाचे गुडघे गेले होते, घरात सरपण नव्हतं,
आणि ओंडका तर दारातच येऊन अडकलेला.
म्हातारा पोतं पाठीवर घेऊन कचेरीत आला.
"साहेब, तेच बोला ना.
नाव विचारा म्हणाला होतात, तेच."

ते बोलले. शब्द न शब्द तेच.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला
आणि अगदी अदबीनं
त्यांचंच चौथं कलम त्यांना वाचून दाखवलं.
अठरा महिने.

बटाटे कचेरीच्या कोपऱ्यात राहिले.
टाकू का विचारलं की म्हणायचे, राहू दे.
मार्चपर्यंत त्यांना पांढुरके कोंब फुटले,
पोत्याच्या विणीतून बाहेर पडून
खिडकीकडे निघालेले.

पुढच्या बैठकीत ते कलम रद्द करायला उभे राहिले.
एकोणीस विरुद्ध बारा.
निवडणुकीत अकरा मतांनी पडले.
थेरियोला मत नव्हतंच,
त्याच्या नावावर तेवढी जमीन नव्हती.
त्यानंतर ते मृत्युपत्रं लिहायचे,
कुंपणाचे तंटे, गाईंची भांडणं.
एकदा नक्कल तपासताना म्हणाले,
"तू त्या दिवशी डाग का पुसलास?"
मी म्हटलं, नीट दिसावं म्हणून.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

ते गेले त्याला नऊ वर्षं झाली.
कलम चौथं अजून चालू आहे.
ह्या खिडकीतून नदी दिसते,
मे महिन्यात ओंडके येतात, एकावर एक चढत,
आणि सवयीनं मी टोकांवरच्या खुणा वाचतो:
तारा, बाण, दोन आडव्या रेघा.
मधूनच एखादा कोरा येतो.
थेरियोंच्या वळणाकडे जाताना दिसतो.
मी खिडकी लावून घेतो
आणि टाक पुसत बसतो.